सहाच्या खालचा दाह

सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह सांगणारं रक्तातलं एक प्रोटीन. त्याची तपासणी आमच्या लॅबमध्ये पूर्वी काळ्या पट्टीवर व्हायची. पट्टी काळी, कारण लेटेक्सचं द्रावण पांढरं असतं आणि त्यात धरलेली कणी काळ्यावरच नीट दिसते. पट्टीवरच्या गोलात सिरमचा थेंब टाकायचा, शेजारी लेटेक्सचा, काडीनं कालवून गोलभर पसरवायचं आणि पट्टी हातात धरून दोन मिनिटं हलकेच डोलवायची. तेवढ्यात कणी धरली तर पॉझिटिव्ह, गुळगुळीत राहिलं तर निगेटिव्ह. दोन मिनिटांच्या पुढं गेलं की कडा सुकायला लागतात आणि नसलेली कणी दिसते, म्हणून एक डोळा घड्याळावर. सीआरपी लिटरला साधारण 6 मिलिग्रॅमच्या वर असेल तरच ही पट्टी बोलायची. त्याखाली तिच्या लेखी सगळे सारखेच.

या तपासणीसाठी यायचे ते न्यूमोनियाचे पेशंट, ऑपरेशनची जखम चिघळलेले, ताप न उतरणाऱ्या बाळंतिणी आणि सांधे आखडलेल्या बायका. छातीत दुखतंय म्हणून कुणी सीआरपी लिहून दिलाय, असं सुरुवातीच्या वर्षांत मला तरी आठवत नाही. हृदयवाल्यांची रांग वेगळी. त्यांचं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, साखर. दोन्ही रांगांच्या नळ्या एकाच सेंट्रिफ्यूजमध्ये शेजारीशेजारी फिरायच्या, एवढाच काय तो त्यांचा संबंध.

सीआरपी सापडला तोही न्यूमोनियातच. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूचा ‘सी’ नावाचा एक घटक त्या रक्तात मिसळला की साका बसायचा, आणि रुग्ण बरा झाला की त्याच्या रक्ताचा हा गुण जायचा. ज्याच्यामुळे साका बसायचा ते हे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठंही दाह सुरू झाला की काही तासांत वाढायला लागतं. दाह कुठं आहे हे मात्र ते सांगत नाही. दाढ असो, गुडघा असो की फुफ्फुस, आकडा फक्त ‘आहे’ म्हणतो.

कोविडच्या दोन वर्षांत हा आकडा मिरज-सांगलीत घराघरांत पोचला. ज्यांनी आयुष्यात कधी रिपोर्ट उघडून वाचला नव्हता, ती माणसं फोनवर विचारायची, “मॅडम, सीआरपी किती आला? डी-डायमर आला का?” शंभराच्या वर गेला की समोरचा गप्प व्हायचा. तेव्हापासून लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली, की दाह वाढला तर माणूस जाऊ शकतो. पण तो दाह भडकलेला होता. दिवसांत चढणारा, दिवसांत उतरणारा. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो दाह दोन-तीनच्या आसपास घुटमळतो, वर्षानुवर्षं, आणि आमच्या काळ्या पट्टीवर तो कधीच उमटला नसता.

माझ्या आत्याला आमवात. तिशीतच सुरू झालेला. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलत गेली, तरी त्याच बोटांनी ती भाकरी थापायची, आणि थापताना कुणी बघितलेलं तिला खपायचं नाही. तिचा सीआरपी कायम वर. तिचं कोलेस्टेरॉल मात्र बघण्यासारखं होतं. मीच काढायची ते, आणि ते नॉर्मलच यायचं. काका, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, या रिपोर्टांवर जळायचा. त्याला अँजिओत सत्तर टक्के ब्लॉकेज निघालेलं. छातीत काही होत नव्हतं, गोळ्या चालू होत्या, रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून यायचा, पण ओळख करून देताना नावानंतर लगेच सत्तर टक्के सांगायचा. आणि अटॅक आला तो आत्याला.

आयसीयूच्या बाहेर कार्डिओलॉजिस्टनं सांगितलं, जिथं गुठळी झाली तिथं मुळात अरुंदपणा चाळीस टक्क्यांच्या आसपासच असावा. काकाला ते पटेना. “चाळीस टक्क्यांना कुठं अटॅक येतो हो डॉक्टर?” तो म्हणाला. सुरात काळजी होती आणि थोडी फसवणूक झाल्याची भावनाही. डॉक्टर थकलेले होते, पण उभे राहिले. म्हणाले, “टक्का म्हणजे मधलं भोक किती उरलंय ते. भिंतीत काय चाललंय ते टक्का सांगत नाही.”

हे वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं. आपल्याकडं हृदयविकाराचं जे चित्र लोकांच्या मनात बसलंय ते नळाच्या पाइपाचं आहे. पाइपात गाळ साचतो, साचत साचत एक दिवस तुंबतो, प्लंबर येऊन मोकळा करतो. जोराचा जिना चढताना छाती आवळणं, थांबल्यावर बरं वाटणं, याला हे चित्र बऱ्यापैकी लागू पडतं. अचानक येणाऱ्या अटॅकला पडत नाही. कित्येक अटॅक अशा जागी येतात जिथं आदल्या महिन्यात अँजिओ केली असती तर ‘फारसं काही नाही’ असा शेरा मिळाला असता.

धमनीची भिंत जिवंत असते. आतून तिला पेशींचा एकेरी थर असतो, एंडोथेलियम. धूर, तंबाखू, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब यांनी तो दुखावला की रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण त्याच्या खाली शिरून अडकतात. तिथं त्यांचं रूप बदलतं, आणि शरीराला ते परके वाटायला लागतात. मग थरावरच्या पेशी रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेतात. आत गेल्यावर त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्या एलडीएल खात सुटतात. इतक्या खातात की चरबीच्या थेंबांनी फुगतात. पॅथॉलॉजीच्या पुस्तकात त्यांना फेसाळ पेशी म्हटलंय, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या खरोखर तशाच दिसतात. सफाईला आलेल्या या पेशी तिथंच मरतात, मेल्यावर त्यांच्यातली चरबी तिथंच सांडते, ती निस्तरायला आणखी पेशी येतात. कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक होतात. हे स्फटिकसुद्धा पेशीतली दाहाची यंत्रणा चालू करतात, आणि त्यातून इंटरल्युकिन-1 बीटा नावाचा निरोप्या बाहेर पडतो, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे चरबी आणि दाह असे दोन आरोपी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत उभे करण्यात अर्थ नाही. पहिला दुसऱ्याला बोलावतो, दुसरा पहिल्याला जाऊ देत नाही.

या सगळ्यावर शरीर कोलॅजनचा पापुद्रा धरतं. तो जाड असेल तर माणूस काकासारखा सत्तर टक्के घेऊनही घाटापर्यंत चालतो. पण आतल्या दाहातल्या पेशी असे एन्झाइम सोडतात की ज्यांनी कोलॅजन विरघळतं. हा पापुद्रा फाटून मेलेल्या माणसांच्या धमन्या तपासल्या तेव्हा तो 65 मायक्रॉनहून पातळ आढळला. मिलिमीटरचा पंधरावा हिस्सासुद्धा नाही. तो फाटला की आतला मसाला रक्ताला लागतो, रक्त आपलं नेहमीचं काम करतं, गोठतं. चाळीस टक्क्यांचे शंभर व्हायला मग काही मिनिटं पुरतात.

गंमत म्हणजे ही गोष्ट नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत होते की धमनीतली ही पुटं रक्तातूनच बसतात, आणि दाह झालाच तर मागाहून होतो. जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो म्हणत होते की नाही, दाह हाच मूळ, भिंतीच्या आतल्या थराचा. वाद रंगला आणि विरला. पुढं 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून शुद्ध कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या धमन्यांत माणसासारखीच पुटं दिसली. कोलेस्टेरॉल मोजता येतं, कमी करता येतं, आहाराच्या तक्त्यात बसवता येतं. दाह तेव्हा यांतलं काहीच करू देत नव्हता. मला वाटतं चरबीची बाजू जिंकण्यात या सोयीचा वाटा मोठा होता. (ती बाजू खोटी नव्हती. अपुरी होती.) अमेरिकेत रसेल रॉस यांनी 1976 पासून ‘इजा आणि तिला शरीराचा प्रतिसाद’ अशी मांडणी लावून धरली, आणि 1999 मध्ये सरळ लिहिलं, की धमनीकाठिण्य, म्हणजे धमनीत अशी पुटं बसणं, हा दाहाचा आजार आहे.

तोवर मोजायची सोयही झाली होती. अमेरिकेतल्या हजारो पुरुष डॉक्टरांनी एका मोठ्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं, आणि ते गोठवून ठेवलं होतं. पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ते काढून त्यातला सीआरपी मोजला, तो काळ्या पट्टीवर नाही, सहाच्या खूप खालपर्यंत पोचणाऱ्या अतिसंवेदनशील पद्धतीनं. रक्त दिलं तेव्हा हे सगळे ठणठणीत होते. पण ज्यांचा आकडा वरच्या चौथाईत होता त्यांना पुढच्या वर्षांत अटॅक येण्याचं प्रमाण खालच्या चौथाईच्या जवळपास तिप्पट निघालं. मी लॅबवाली, त्यामुळे यातला निष्कर्ष वाचण्याआधी मनात आलं, एवढी वर्षं फ्रीजर बंद पडू दिला नाही त्यांनी! आमच्याकडं उन्हाळ्यातल्या एका लोडशेडिंगमध्ये अभ्यास आटोपला असता.

मग खरा प्रश्न आला. सीआरपी वाढलेला दिसतो हे ठीक, पण दाह कमी केला तर अटॅक कमी होतात का? 2008 च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल 130 च्या खाली पण सीआरपी 2 किंवा वर अशा 17,802 माणसांना रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी किंवा नकली गोळी दिली. अटॅक, पक्षाघात वगैरे धरून 44 टक्के घट झाली, चाचणी मुदतीआधी थांबवली. पण स्टॅटिननं एलडीएलही निम्म्यावर आणलं होतं आणि सीआरपीही उतरवला होता, मग श्रेय कुणाचं? ते ठरवायला कोलेस्टेरॉलला हातही न लावणारं औषध हवं होतं. ते 2017 मध्ये कँटोस चाचणीत वापरलं. कॅनाकिनुमॅब, इंटरल्युकिन-1 बीटाला अडवणारं इंजेक्शन, तीन महिन्यांतून एकदा. आधी अटॅक येऊन गेलेली 10,061 माणसं. एलडीएल जागेवर, सीआरपी खाली, आणि 150 मिलिग्रॅमच्या गटात पुढचे अटॅक, पक्षाघात, हृदयमृत्यू मिळून 15 टक्के कमी. फिर्खोच्या बाजूनं दीडशे वर्षांनी लागलेला निकाल. फक्त, त्याच चाचणीत जीवघेण्या संसर्गानं दगावणारे थोडे जास्त निघाले. दाह हा शरीराचा पहारा आहे, तो उठवला की चोरही येतात. औषध महागडं. हृदयासाठी ते वापरात आलं नाही.

आणि मेथोट्रेक्सेट. आत्याची सोमवारची गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक सोमवारी लाल फुली. आमवाताच्या रुग्णांत ही गोळी घेणाऱ्यांना हृदयाचे त्रास कमी होतात असं निरीक्षणांत दिसत होतं. म्हणून अमेरिकेत आणि कॅनडात हृदयाच्या 4,786 रुग्णांवर तिची चाचणी केली. निकाल 2018 मध्ये आला. काही फरक पडला नाही. इंटरल्युकिनही उतरलं नाही, सीआरपीही नाही, अटॅकही नाहीत. दाहाला अनेक वाटा आहेत आणि औषधाला नेमकी वाट सापडावी लागते, असा याचा अर्थ निघतो. आत्याच्या सांध्यांना मात्र तीच गोळी लागू पडलेली, त्यामुळे घरात तिचा मान उतरला नाही.

उरलं कोल्चिसिन. गाऊटसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं, स्वस्त, जुनं. हे ज्या झाडांतून मिळतं त्यातलं एक आपल्या कोकणात आणि घाटात पावसाळ्यात कुंपणांवर चढलेलं असतं. कळलावी. पानाचं टोकच वळून आधाराला पकडतं, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि वर लालभडक. आयुर्वेदात लांगली म्हणून उपविषांत तिची गणना आहे, आणि ती योग्य आहे. कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. तर या कोल्चिसिनची रोज अर्धा मिलिग्रॅमची मात्रा 2019 मध्ये नुकताच अटॅक आलेल्या 4,745 जणांवर करून पाहिली, आणि पुढच्या घटना 23 टक्के कमी झाल्या. 2020 मध्ये स्थिर आजाराच्या 5,522 जणांवर, घट 31 टक्के. 2023 मध्ये अमेरिकेनं हृदयासाठी मान्यता दिली. आणि 2024 मध्ये 7,062 जणांची तिसरी मोठी चाचणी आली, जिच्यात अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिननं सीआरपी उतरवला, पण अटॅक काही कमी केले नाहीत. काही तज्ज्ञ म्हणतात आधीच्या चाचण्या धरून चला, काही म्हणतात थांबा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक चालू असतील तर हे औषध अंगावर येतं, त्यामुळे कुंपणावरची वेल बघून कुणी शहाणपणा करू नये एवढं मी लॅबमध्ये बसून नक्की सांगू शकते.

सांगावं लागतं, कारण ‘दाह’ हा शब्द आता व्हॉट्सॲपच्या हाती पडलाय. सगळ्या रोगांचं मूळ दाह, आणि सगळ्या दाहावर हळद. काकाच्या ग्रुपवर रोज एक काढा येतो, आणि त्याच्या खाली ‘स्टॅटिन बंद करा’ ही जोडसूचना. अशा वेळी मला बोलिव्हियातले त्सिमाने आठवतात. ॲमेझॉनच्या जंगलात शेती, शिकार, मासेमारी करून राहणारी ही माणसं. त्यांना नदीतून आणि जीपमधून शहरात आणून 705 जणांचा सीटी स्कॅन केला, 2017 मध्ये निष्कर्ष आले. जंत, जखमा, संसर्ग कायमचे, त्यामुळे निम्म्या लोकांचा सीआरपी वाढलेला. आणि तरी 85 टक्के लोकांच्या हृदयधमन्यांत पुटांची खूण असलेल्या कॅल्शियमचा कणही नाही. त्यांचं एलडीएल सरासरी 90 च्या आसपास, दिवसाचे कित्येक तास अंगमेहनत, तंबाखू नगण्य. त्यांचा दाह आपल्या मधुमेह-ढेरीवाल्या दाहापेक्षा वेगळ्या जातीचाही असेल. पण नुसता सीआरपी वाढला म्हणून धमनी सडत नाही, हे त्यांच्याकडं बघून मान्य करावं लागतं. स्टॅटिन बंद करा म्हणणाऱ्यांनी तर जरूर बघावं.

आत्याचं दुखणं तरी कुठं एकपदरी होतं? आमवातानं हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट होतो, ते एक. दुसरं म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, पहाटे चुलीपुढं बसून हिरड्यांना चोळायची. हिरड्या कायम सुजलेल्या, दात हलणारे. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका दुपटीच्या वर निघाला होता, आणि त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक मध्यमानानं 53 व्या वर्षी आला होता, इतर देशांत 59 च्या आसपास. हिरड्यांचा आजार आणि हृदयाचा आजार बरोबर दिसतात हेही खरं. पण हिरड्या बऱ्या केल्यानं अटॅक टळतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. आत्याच्या धमनीत नेमकं कुणी काय केलं हे कुठलीही लॅब सांगणार नाही. अटॅकनंतर तिनं मिश्री सोडली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, नातवानं डबी विहिरीत टाकली म्हणून. दरवर्षी फ्लूची लसही घेते. फ्लू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात अटॅकचं प्रमाण सहापट होतं असं कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलंय, आणि आपल्याकडं हृदयाच्या पेशंटला लस द्यायचं कुणाला सुचतच नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

हल्ली ‘हार्ट पॅकेज’मध्ये अतिसंवेदनशील सीआरपी घातलेला असतो. एकाच्या खाली धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, आणि दहाच्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधायचा. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करावा आणि सरासरी धरावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2003 मध्येच सांगितलंय. पॅकेजात तो एकदाच असतो. परवा एक तरुण उपाशीपोटी पॅकेजची पावती घेऊन आला. डावा गाल टम्म. तीन दिवस दाढ ठणकतेय म्हणाला.

“दाढेचं बघा आधी,” मी म्हटलं. “आज रक्त घेतलं तर आकडा दाढेचा येईल आणि तुम्ही घाबराल हृदयाला.”

“पण ताई, सवलत रविवारपर्यंतच आहे.”

“पैसे आज भरा. रक्त महिन्यानं द्या.”

त्यानं गालावर हात ठेवून थोडा विचार केला आणि विचारलं, मग आज निदान चहा तरी घेतला तर चालेल ना.